सारीकामिशचं खापर बर्फावर

दरवर्षी डिसेंबर संपत आला की तुर्कस्तानातले काही व्हिडिओ फिरायला लागतात. डोंगराच्या उतारावर बर्फात कोरलेले सैनिक, कोणी बंदूक छातीशी धरून बसलाय, कोणी शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकलीय, कोणी अर्धा गाडला गेलाय. मग जानेवारीच्या सुरुवातीला हजारो लोक, कॉलेजची पोरं, मंत्री, लष्करातले लोक, लाल झेंडे घेऊन त्याच डोंगरातून चालत जातात. जागा सारीकामिश, तुर्कस्तानच्या ईशान्य कोपऱ्यात, कार्सजवळ. एरवी स्कीइंगसाठी प्रसिद्ध, तिथला बर्फ फार छान असतो म्हणे. आणि सगळ्या व्हिडिओंखाली थोड्याफार फरकाने एकच ओळ असते, की इथे आमचे ९० हजार जवान एकही गोळी न झाडता गोठून शहीद झाले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण मग या लढाईबद्दल जसजसं वाचत गेलो तसतशी ती ओळ मला खटकायला लागली, आणि आता तर माझं स्पष्ट मत झालंय की ती ओळ म्हणजे एका माणसाला आणि त्याच्या भोवतीच्या मंडळींना दिलेली क्लीन चिट आहे. थंडीने मारलं असं म्हटलं की पुढे कोणाला काही विचारायचंच राहत नाही ना. थंडीवर काय चौकशी बसवणार?

झालं काय ते आधी थोडक्यात. १९१४ च्या ऑक्टोबरपर्यंत ऑटोमन, म्हणजे तेव्हाचं तुर्की साम्राज्य पहिल्या महायुद्धात उतरलेलं नव्हतं. २९ ऑक्टोबरला त्यांच्या आरमाराने, म्हणजे नावाला त्यांच्या, कारण मुख्य दोन जहाजं जर्मन, ॲडमिरल जर्मन आणि खलाशीही जर्मनच, काळ्या समुद्रातल्या ओडेसा, सेवास्तोपोल वगैरे रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि साम्राज्य युद्धात ओढलं गेलं. या सगळ्यामागे होता युद्धमंत्री एन्व्हर पाशा. वय ३३. राजघराण्यातल्या नाजिये सुलतानशी लग्न करून जावईबापू झालेला. बर्लिनला राहून आलेला, जर्मन लष्करावर फिदा, १९१३ मध्ये सरकारी कचेरीत पिस्तुलं घेऊन घुसून सत्ता बळकावणाऱ्यांतला पुढारी. मोठ्या तुकडीला प्रत्यक्ष लढाईत हाकायचा अनुभव मात्र जवळपास नाही. लोक त्याला छोटा नेपोलियन म्हणायचे, आणि गंमत म्हणजे त्याला ते चालायचं.

कार्स आणि सारीकामिश हा भाग १८७८ मध्ये रशियाने युद्धात जिंकून घेतलेला, तो परत मिळवायचा होता. पण एन्व्हरच्या डोक्यात तेवढंच नव्हतं. लिमान फॉन सँडर्स नावाचा जर्मन जनरल तेव्हा इस्तंबूलला होता, त्याने नंतर आठवणी लिहिल्या त्यात आहे की एन्व्हरने निघण्याआधी त्याला नकाशावर प्लॅन दाखवला, लिमान म्हणाला रस्ते धड नाहीत, बर्फ आहे, फार धोक्याचं आहे, तर एन्व्हर म्हणाला ते सगळं तपासून झालंय, आणि वर सांगितलं की पुढे अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात जायचा विचार आहे! म्हणजे सारीकामिश फक्त पहिला स्टॉप, नंतर बहुतेक पेशावर.

प्लॅन असा होता. थर्ड आर्मीच्या तीन कोअर, कोअर म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेली मोठी फौज. अकराव्या कोअरने समोरून रशियनांना गुंतवून ठेवायचं, नवव्याने डावीकडून बर्दिझ मार्गे डोंगर चढून सारीकामिशला मागून पकडायचं, आणि दहाव्याने आणखी मोठा वळसा घालून ओल्तूकडून यायचं. सारीकामिश कशासाठी, तर रशियन रेल्वे तिथे संपत होती, ते हातात आलं की अख्खी रशियन फौज पिशवीत. चार महिन्यांपूर्वी जर्मनांनी टॅनेनबर्गला रशियनांना असंच घेरलं होतं. कागदावर फर्स्ट क्लास. फरक इतकाच की टॅनेनबर्ग सपाट मुलुखात, ऑगस्टमध्ये, जर्मन रेल्वेच्या जाळ्यात झालं होतं. इथे डोंगर तीन हजार मीटरचे, महिना डिसेंबर, आणि तुर्कांची स्वतःची रेल्वे एर्झुरुम या त्यांच्या किल्ल्यापासून शेकडो किलोमीटर मागे संपत होती. समुद्राने माल आणायचा तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच रशियन आरमाराने सामान घेऊन निघालेली तीन जहाजं बुडवली होती.

थर्ड आर्मीचा कमांडर होता हसन इज्जत पाशा, एन्व्हरचा एकेकाळचा शिक्षक. हा माणूस काही मोठा हिरो नव्हता, आधी त्यानेही थोडी हो-ला-हो केली. पण डिसेंबरच्या मध्यात, हल्ला चार दिवसांवर आलेला असताना, आपल्याला या मोहिमेचा भरवसा वाटत नाही असं कळवून त्याने पद सोडलं. तुम्ही माझे गुरू नसता तर गोळी घातली असती असं एन्व्हर त्याला म्हणाला अशी गोष्ट सांगतात, खरी-खोटी देव जाणे. एन्व्हरने स्वतःच कमांड हातात घेतली. आणि मग सैनिकांना उद्देशून त्याने जे सांगितलं म्हणतात त्याचा आशय असा की मी तुम्हाला सगळ्यांना भेटलो, तुमच्या पायात पादत्राण नाही, अंगावर कोट नाही हे मी पाहिलं, पण समोरचा शत्रू तुम्हाला घाबरतो, आपण लवकरच कॉकेशसमध्ये शिरू, तिथे सगळं भरपूर मिळेल.

हे पुन्हा वाचा. त्याने पाहिलं होतं. पायात काही नाही, अंगावर काही नाही, हे माहीत नव्हतं असं नाही, आणि त्यावर उपाय काय काढला तर शत्रूचे कोट. सप्लायचा प्रश्न विजयावर ढकलला. आता विजय झाला नाही तर?

२२ डिसेंबरला हल्ला सुरू झाला. ओल्तूजवळ दहाव्या कोअरच्या दोन तुर्की डिव्हिजन धुक्यात एकमेकींनाच रशियन समजून काही तास एकमेकींवर गोळ्या झाडत बसल्या. या कोअरचा कमांडर हाफिज हक्की, हाही तिशीतला, एन्व्हरचा मित्र, डोंगर ओलांडता येतील असा रिपोर्ट आधी यानेच दिलेला, तो पळणाऱ्या रशियन तुकडीच्या मागे इतका लांब गेला की ठरल्या वेळी सारीकामिशला पोचायला त्याला मधला शॉर्टकट घ्यावा लागला. तो शॉर्टकट म्हणजे अल्लाहुएकबर डोंगर. २५-२६ डिसेंबरची रात्र, वादळ, कमरेएवढा बर्फ, शून्याखाली पंचवीस-तीस डिग्री. आज जे पुतळे कोरतात ते बहुतेक या रात्रीचे. हजारो माणसं त्या एका चढणीत गेली. खाली उतरली त्यांच्यात लढायची ताकद कितीशी उरली असेल.

इकडे नवव्या कोअरसोबत एन्व्हर स्वतः सारीकामिशच्या तोंडाशी आला होता. आणि इथे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल की प्लॅन जवळजवळ जमला होता. एन्व्हरची बाजू घेणारे हा मुद्दा नेहमी काढतात आणि तो खोटा नाही. सारीकामिशमध्ये तेव्हा रशियनांचे जेमतेम लोक, रेल्वेचे कर्मचारी, तिथून जाणारे नुकतेच पास झालेले कॅडेट, थोड्या तोफा. रशियन बाजूचा जनरल मिश्लायेव्स्की इतका टरकला की माघारीचे हुकूम देऊन तो तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, निघूनच गेला. चीफ ऑफ स्टाफ युदेनिच अडून बसला, मागे हटायचं तर डोंगरातून एकच रस्ता आहे, त्यात सगळेच मरू, त्यापेक्षा इथेच लढू, म्हणून निभावलं. एक दिवस आधी, एक डिव्हिजन जास्त, आणि कदाचित आज शाळेच्या पुस्तकात एन्व्हर जीनियस असता.

असता. पण हा युक्तिवाद मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो. कारण तो एक दिवस आणि ती एक डिव्हिजन नशिबाने गेली नाही, ती प्लॅननेच खाल्ली. ज्या प्लॅनमध्ये माणूस कोरड्या भाकरीवर, फाटक्या कातडी वहाणांवर, तीन दिवस बर्फात चालून चौथ्या दिवशी लढाई मारणार असं धरलंय, त्यात उशीर होणं आणि माणसं गळणं हा अपघात नाही, तो त्या गणिताचा हिशोबच आहे. जुगारी माणूस दहापैकी नऊ वेळा हरतो आणि दहाव्यांदा थोडक्यात हरला तर म्हणतो बघ, जवळजवळ जिंकलोच होतो. तसं आहे हे.

पुढे व्हायचं तेच झालं. ४ जानेवारी १९१५ ला नवव्या कोअरचा कमांडर इहसान पाशा आपल्या सगळ्या स्टाफसकट पकडला गेला, सायबेरियात रवाना झाला. एन्व्हर त्याआधीच निघाला होता, एर्झुरुम आणि मग इस्तंबूल. हाफिज हक्कीला थर्ड आर्मी दिली, तो महिन्याभरात टायफसने, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाने गेला. टायफसने एर्झुरुममध्ये जे हाल केले ते वेगळंच प्रकरण आहे, लढाईतून जगून आलेली माणसं हॉस्पिटलच्या जमिनीवर मेली. पेपरात याबद्दल अक्षर छापू दिलं नाही. इस्तंबूलच्या सामान्य माणसाला आपली एक आर्मी संपली हे कितीतरी काळ माहीतच नव्हतं.

आता माझा मुख्य पुरावा, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. थंडीच दोषी होती ना? मग बरोबर एक वर्षाने, जानेवारी १९१६, तेच डोंगर, तोच बर्फ, तीच आर्मी समोर. या वेळी हल्ला करणारा युदेनिच. तुर्कांना वाटलं एवढ्या थंडीत कोण येतंय, त्यांचा कमांडर तर तेव्हा इस्तंबूलला होता. युदेनिचने काय केलं, तर सैनिकांना आखूड फरकोट, कापूस भरलेल्या विजारी, वालेन्की म्हणजे ते लोकरीचे जाड नमद्याचे बूट, बर्फात दिसू नये म्हणून पांढरे झगे, आणि ज्या खोऱ्यातून जायचं तिथे झाडं नाहीत म्हणून प्रत्येक माणसाच्या पाठीवर जळणाच्या लाकडाचे दोन ओंडके. दोन ओंडके! मला या एका गोष्टीपुढे दोन्ही बाजूंचे सगळे नकाशे आणि बाण फिके वाटतात. कोणीतरी कचेरीत बसून विचार केला होता की रात्री हा माणूस थांबेल, तेव्हा तो काय पेटवेल. कोप्रुकोयला फळी फुटली आणि १६ फेब्रुवारीला एर्झुरुम पडलं, त्या भागातला तुर्कांचा सगळ्यात भक्कम किल्ला. रशियनांचेही लोक थंडीने गारठले, बोटं गेली, मेले, नाही असं नाही. पण आर्मी गोठली नाही.

म्हणजे बर्फ दोन्ही वर्षी होता, ओंडके एकाच वर्षी होते.

आता त्या ओळीकडे परत येऊ. "एकही गोळी न झाडता" हे तर मला त्या बिचाऱ्या सैनिकांवर सरळ अन्याय वाटतो. ते लढले. ओल्तूला लढले, बर्दिझला लढले, सारीकामिशच्या जंगलात आणि वस्तीत शिरून रात्रीची संगिनीची लढाई केली, उपाशीपोटी, दहा दिवस. रशियन बाजूचेही मेलेले, जखमी, हातपाय गोठलेले मिळून तीस हजाराच्या आसपास धरतात, ते काय आपोआप झाले? पण ही ओळ त्यांना निव्वळ दयेचा विषय करून टाकते, जणू मेंढरांचा कळप वादळात सापडला. सैनिकाचं लढणंही काढून घ्यायचं आणि सेनापतीची चूकही, आणि मधे उरतो फक्त बर्फ. सगळ्यांना सोयीचं. धार्मिक माणसाला शहादत मिळते, राष्ट्रवादीला डोळ्यात पाणी, सरकारला मोर्चा, आणि टुरिझमवाल्यांना हॉटेलं फुल्ल.

आणि तो ९० हजारांचा आकडा. हल्ला करणारी अख्खी फौजच साधारण तेवढी होती, त्यातली अकरावी कोअर तर तो डोंगर चढलीच नाही. सगळे ९० हजार गोठले तर मग सारीकामिशला लढलं कोण आणि एर्झुरुमला परत आलं कोण? लष्करी कागद चाळणारे अभ्यासक एकूण हानी ६० हजाराच्या आसपास मांडतात, त्यात मेलेले, दवाखान्यात गेलेले, जखमी, कैदी सगळे आले. काहीजण जास्त सांगतात. मुद्दा आकडा फुगवला एवढाच नाही. शंभर वर्षं उलटून गेली तरी नक्की किती गेले हे ठरत नाही, कारण तेव्हा कोणाला मोजायचंच नव्हतं. इथे मला आपली ती पानिपतानंतरची चिठ्ठी आठवते, नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेली सावकारी भाषेतली, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. शाळेत आपण ती मोत्यांसाठी पाठ करतो. सारीकामिश हा अख्खा खुर्द्याचा मामला आहे. आणि तुलना करायचीच तर एक फरकही सांगायला पाहिजे, पानिपतावर भाऊ हत्तीवरून उतरला आणि गर्दीत घुसला, परत आला नाही. त्याच्या चुकांवर आपण अडीचशे वर्षं भांडतोय आणि भांडलंच पाहिजे, पण निदान तो बिल दुसऱ्याच्या नावावर फाडून घरी गेला नाही.

एन्व्हरने फाडलं. हा या गोष्टीचा सगळ्यात काळा भाग आहे आणि दरवर्षीच्या भाषणांत तो सहसा येत नाही. लढाई संपल्यावर त्याने कोन्याच्या आर्मेनियन बिशपला लिहिलेल्या पत्रात ऑटोमन फौजेतल्या आर्मेनियन सैनिकांचं कौतुक केलं होतं. आणि फेब्रुवारी १९१५ च्या शेवटी त्याच आर्मेनियन सैनिकांकडून शस्त्रं काढून घ्यायचे हुकूम निघाले, त्यांना रस्ते खणायच्या हमाली पलटणीत टाकलं. रशियाच्या बाजूने लढणाऱ्या आर्मेनियन स्वयंसेवकांच्या तुकड्या होत्या हे खरं, पण त्या लहान होत्या आणि त्यांच्यामुळे काही एन्व्हरचे लोक अनवाणी नव्हते. तरी पराभवाचं कारण म्हणून "आतला गद्दार" सापडला. २४ एप्रिलला इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, डॉक्टर, पुढाऱ्यांची धरपकड, मे महिन्यात हद्दपारीचा कायदा, आणि त्यापुढे लाखो माणसांचा संहार. सारीकामिश झालं नसतं तर हे झालंच नसतं असं मी म्हणणार नाही, इतकं सोपं नसतं काही. पण ज्या पराभवाचा हिशोब चूक करणाऱ्याकडून मागितला जात नाही तो कोणाकडून तरी वसूल होतोच, आणि बहुतेक वेळा जो कमजोर असेल त्याच्याकडून.

कोणी म्हणेल तुर्कांनाच का धरतोस. बरोबर आहे, हा रोग एका जातीचा नाही. १८७७ मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हनाला उलटं होतं, आत खंदक खणून बसलेला तुर्की सेनापती उस्मान पाशा आणि बाहेर रशियन, तर रशियनांनी तिसरा मोठा हल्ला नेमका झार अलेक्झांडर दुसऱ्याच्या नामदिनी केला, तोही पावसाने झालेल्या चिखलात, झार स्वतः बघायला हजर. हजारो माणसं एका सणापायी. आणि आपल्या माणसांचं म्हणाल तर सारीकामिशचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. त्या लढाईच्या धामधुमीतच, २ जानेवारी १९१५ ला, रशियाचा सरसेनापती ग्रँड ड्यूक निकोलस याने ब्रिटिशांकडे निरोप धाडला की तुर्कांना दुसरीकडे कुठेतरी गुंतवा, त्यातून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची गॅलिपोलीची मोहीम उभी राहिली. इकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची सहावी पूना डिव्हिजन वर सरकत होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड त्यांना बगदादच्या आशेने सप्लाय नसताना लांब घेऊन गेला, कुत या गावात वेढ्यात सापडला, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण आला. नंतर टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात, आणि सातारा-रत्नागिरीकडचे शिपाई वाळवंटातून पायी तुरुंगछावण्यांकडे, कितीतरी वाटेतच मेले. ती ब्रिटिशांची गोष्ट आहे, तिचं खापर उन्हावर आणि कॉलऱ्यावर फोडलं, एवढाच फरक.

"मेलेल्यांचा मान राखा, आता उकरून काय मिळणार" हा जो नेहमीचा सल्ला असतो ना, तो मला म्हणूनच पटत नाही. मान राखायचाय तर त्यांना काय मारलं ते नीट सांगा. नवव्या कोअरचा चीफ ऑफ स्टाफ शेरीफ बे स्वतः कैदेत गेलेला, तो परत आल्यावर १९२२ मध्ये त्याने या लढाईवर अख्खं पुस्तक काढलं आणि एन्व्हरवर तुटून पडला. म्हणजे खरं काय ते तुर्कांपैकीच एकाने, तिथे उभं राहून पाहिलेल्या माणसाने, तेव्हाच लिहून ठेवलंय. बाहेरच्याने शिकवायची गरजच नाही, वाचायची गरज आहे.

आणि त्याच १९२२ मध्ये एन्व्हर मध्य आशियात लाल सैन्याशी लढताना मेला, आजच्या ताजिकिस्तानात. ४ ऑगस्ट १९९६ ला त्याचे अवशेष तिथून आणून इस्तंबूलला सरकारी इतमामाने पुन्हा दफन केले, राष्ट्राध्यक्ष देमिरेल हजर होते. संगमरवर, नाव, तारीख, सगळं व्यवस्थित. अल्लाहुएकबरच्या उतारावर राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या नावाचा दगडही नाही, त्यांच्या वाटणीला दर वर्षी दोन महिन्यांचे बर्फाचे पुतळे.

ते पुतळे बंद करा असं मी म्हणत नाही, सुंदर असतात ते, करणारे कलाकार मनापासून करतात. फक्त एखाद्या वर्षी सैनिकांच्या रांगेच्या शेवटी एक जास्तीचा पुतळा करा. टेबल, खुर्ची, समोर नकाशा, आणि त्यावर वाकून राजीनामा लिहिणारा हसन इज्जत पाशा. तोही मार्चमध्ये वितळणारच आहे, पण तोवर मोर्चात आलेलं एखादं पोरगं वडिलांना विचारेल, हे आजोबा कोण, आणि हे काय लिहितायत.